पाकविद्या : मुखातून ग्रंथात

मराठीतील पाकशास्त्राच्या आद्य ग्रंथांपैकी ‘सूपशास्त्र’ रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी इ. स. १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि आपल्या सारस्वत ज्ञातीत सुगरणींचे गुरुकुल चुलीपाशीच राहिले. सुनेने सासूशेजारी बसावे, नारळ खवावा, वाटण गंधासारखे उतरले की नाही हे बोटांनी पाहावे. पत्रोड्यांच्या अळवाची खाज मोडण्यास चिंच किती, हे पान पाहूनच ठरे. शेर-छटाक तेथे कोण विचारतो!

पुढे कानडा प्रांतातील कुटुंबे नोकरीनिमित्त मुंबईस आली. १९१५ साली गावदेवीस ज्ञातीची सहकारी गृहसंस्था निघाली. अनेक घरी सून मुंबईत व सासू गावी अशी स्थिती झाली. १९४३ साली सारस्वत महिला समाजाने अंबाबाई संशी यांची ‘रसचंद्रिका’ मराठीत काढली. पाककृतींबरोबर घरगुती औषधेही तीत आली, आणि ते यथायोग्यच झाले. वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी ही दोन्ही शास्त्रे कधी निराळी नव्हतीच.

आमच्या घरच्या प्रतीत पत्रोड्यांच्या कृतीशेजारी मातोश्रींनी शिसपेन्सिलीने लिहून ठेवले आहे : “पाने जून असल्यास चिंच अधिक.” हे त्यांस आजीने सांगितले होते.