सूर्याभोवतीची नावं

पांढऱ्या रेशमाचा मीटरभर लांबीचा तुकडा. मधोमध तांबडा गोळा आणि त्याच्याभोवती काळ्या शाईत कुंचल्याने लिहिलेली नावं. कधी चाळीस-पन्नास, कधी दीडदोनशे. बऱ्याच झेंड्यांवर ही नावं सूर्याच्या किरणांसारखी चहूकडे पसरलेली दिसतात. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या लिलावाच्या संकेतस्थळावर 'जपानी गुड लक फ्लॅग' असं शोधलं, की असे झेंडे समोर येतात. किंमत साधारण काहीशे डॉलर. खाली वर्णन असतं: मापं, कापड रेशमी की सुती, घडीवर विरलंय का, डाग कसले, कुठल्या आघाडीवरून आला. नावांबद्दल बहुधा एवढंच असतं, की भरपूर आहेत.

जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर जायचं म्हणून मी पुण्यात जपानी शिकलो. ईमेल आणि मीटिंगपुरती भाषा आली. कुंचल्याचं वळणदार अक्षर मला आजही धड लागत नाही, पण सुटं लिहिलेलं नाव लागतं. सातो, तानाका, कोबायाशी. ती लागायला लागल्यापासून या फोटोंकडे नुसती जुनी वस्तू म्हणून बघणं मला जमेनासं झालं. विक्रेता ज्याला 'भरपूर' म्हणतो ती एका गावाची हजेरी असते. हे झेंडे कुठून आले, कसे गेले आणि आता त्यांचं काय व्हावं, हे मी दोनेक वर्षं वाचतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

जपानीत याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. हिनोमारू म्हणजे सूर्याचं वर्तुळ, जपानचा राष्ट्रध्वज. योसेगाकी म्हणजे अनेकांनी मिळून एकाच ठिकाणी लिहिलेलं. १९३७ साली चीनशी उघड युद्ध सुरू झालं, भरती वाढत गेली आणि तिच्यासोबत ही प्रथाही गावोगाव पसरली. गावातल्या पोराला बोलावणं आलं की घरचे, शेजारी, शाळासोबती, मास्तर, कारखान्यातले सहकारी अशा सगळ्यांकडे झेंडा फिरायचा आणि सह्या व्हायच्या. एका बाजूला त्या पोराचं नाव. वरच्या अंगाला बहुधा चार मोठी चिन्हं, 'बु-उन चोक्यू', म्हणजे युद्धातलं तुझं दैव दीर्घकाळ टिको. काही झेंड्यांवर गावच्या देवळाचा शिक्काही असतो. शिपाई झेंड्याची घडी करून ती गणवेशाच्या आत, अंगालगत ठेवायचा.

यासोबत दुसरी एक वस्तू जायची, 'सेन्निनबारी'. हजार टाके घातलेला कमरपट्टा. प्रत्येक टाका वेगळ्या बाईने घालायचा, म्हणून आई-बहिणी स्टेशनाबाहेर, रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना एकेक टाका मागायच्या. वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला मात्र तिच्या वयाइतके टाके घालता येत, कारण वाघ हजार कोस जातो आणि परत येतो अशी समजूत. काही पट्ट्यांत पाच आणि दहा सेनची नाणी शिवलेली सापडतात. त्यामागे शब्दाचा खेळ आहे. 'शिसेन' म्हणजे मरणाची रेघ, आणि 'शि' म्हणजे चारसुद्धा. पाच सेन चाराच्या पुढे, म्हणजे मरण ओलांडलं. 'कुसेन' म्हणजे खडतर लढाई, आणि 'कु' म्हणजे नऊ. दहा सेन नवाच्या पुढे.

हा खेळ मला फार बोलका वाटतो. 'जिवंत परत ये' असं उघड म्हणणं त्या काळात अवघड होतं. पांढरे एप्रन घातलेल्या राष्ट्ररक्षा महिला संघाच्या बायका निरोपाला हजर असत. १९४०पासून दहा-बारा घरांचे शेजारगट सरकारनेच बांधले होते. कोण काय बोलतं, कोण रडतं, हे सगळ्यांना दिसत होतं. मग आईने म्हणायचं ते नाण्यात शिवलं. झेंड्यावरच्या 'बु-उन चोक्यू'लाही हाच दुहेरी अर्थ चिकटलेला आहे. सैन्याने वाचलं तर ती लढाईतल्या यशाची प्रार्थना, घरच्यांनी वाचलं तर औक्षण. दीडशे सह्यांमध्ये माया असते आणि दबावही असतो. ज्याच्यासाठी सगळ्या गावाने सही केली, त्याला मागे फिरायची वाट उरत नाही.

हे झेंडे परदेशी गेले ते मेलेल्या शिपायांच्या अंगावरून. मृतदेह तपासण्यामागे आधी लष्करी कारण होतं. जपानी शिपायांना रोजनिशी लिहायला बंदी नव्हती, त्यामुळे त्यांच्या खिशात पुष्कळ कागद सापडत. सप्टेंबर १९४२मध्ये मित्रराष्ट्रांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला भाषांतरकारांचं एक केंद्रच उभारलं. असे कागद किती मोलाचे ठरत याचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. मार्च १९४४मध्ये मणिपुरात उख्रुलजवळच्या सांगशाक गावात ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपान्यांना अडवून बसली होती. तिच्या मदतीला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. तिथे एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि शत्रूची एक अख्खी डिव्हिजन कोहिमाकडे निघाली आहे हे त्यातून कळलं. इम्फाळ-कोहिमाच्या त्या मोहिमेत पुढे सुमारे ३० हजार जपानी सैनिक मेले. त्यातले कितीतरी उपासमारीने आणि रोगाने गेले. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आज जे जपानी झेंडे आहेत, त्यांत ब्रह्मदेशातून आलेलेही आहेत.

कागद गुप्तहेर खात्याकडे जायचे, झेंडे मात्र शिपायांकडे राहायचे. हलका, घडी करून खिशात मावणारा, आणि 'मी तिथे होतो' हे एका नजरेत सांगणारा. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन शिपायांत त्याला चलनाचा भाव आला. आघाडीवरचा माणूस झेंडा द्यायचा आणि बोटीवरच्या खलाशाकडून दारू किंवा ताजं अन्न घ्यायचा. मागणी इतकी, की नौदलाच्या बांधकाम पलटणीतल्या काही हुन्नरी लोकांनी पांढऱ्या कापडावर गोळे रंगवून, खोटी चिन्हं गिरवून बनावट झेंडे विकले. आजच्या संग्राहकाची पहिली डोकेदुखी इथेच सुरू होते.

संग्राहकांबद्दल लिहिताना त्यांना प्रेतावरचं लुटणारे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. या झेंड्यांबद्दल जे तपशीलवार ज्ञान आज उपलब्ध आहे त्यातलं बरंचसं त्यांनीच जमवलंय. मायकेल बोर्टनर यांचं झेंडे आणि कमरपट्टे यांवरचं २००८ सालचं सचित्र पुस्तक हे अशाच ध्यासातून आलेलं. शाई धाग्यात कशी मुरते, कोपऱ्यांना मजबुतीसाठी लावलेले चामड्याचे त्रिकोण कसे असतात, हे ते ओळखतात. कापड अतिनील दिव्याखाली धरून बघतात. नव्या कापडातली आणि धाग्यातली चकाकी आणणारी रसायनं त्या प्रकाशात निळसर उजळतात, जुनं रेशीम तसं उजळत नाही. सगळ्या सह्या एकाच हाताच्या दिसल्या तर ते सावध होतात. त्यांनी सांभाळलं नसतं तर यातले अनेक झेंडे माळ्यावर कसरीने खाल्ले असते, नाहीतर घर आवरताना कचऱ्यात गेले असते.

माझी अडचण वेगळी आहे. बाजार झेंड्याचं मोल ज्या गोष्टींवर ठरवतो, त्यात नावांचं वाचन जवळजवळ नसतंच. प्रसिद्ध लढाईचं नाव जोडता आलं की भाव चढतो. रक्ताचा डाग असला तर काही जणांसाठी आणखी चढतो. नावांची संख्या मोजली जाते, पण ती माणसं कोण हे विचारलं जात नाही. बाजाराच्या लेखी ती नक्षी असते. आणि झेंडा घरी पोचवायचा असेल, तर कामाला येते ती नेमकी तीच नक्षी.

माझ्या धंद्याच्या भाषेत हा ओळख जुळवण्याचा प्रश्न आहे. झेंड्यावर पत्ता नसतो. शिपायाचं नाव असतं, पण जपानी नावं वाचणं हाच एक प्रश्न. तीन चिन्हांचं एक आडनाव आहे, ते कुणी 'शोजी' वाचतं, कुणी 'तोकाइरिन'. पहिल्या नावांचे उच्चार त्याहून मोकाट. वाचता आलं तरी एकाच नावाची अनेक माणसं युद्धात गेलेली. एका नावाने काहीच सिद्ध होत नाही. पण त्याच्याभोवती साठ नावं असली की चित्र बदलतं. विशिष्ट आडनावं विशिष्ट भागात दाटीने असतात. त्यात शाळेचं, कारखान्याचं नाव किंवा देवळाचा शिक्का मिळाला, तर तालुका ठरतो. मग एखादं गाव सापडतं, जिथे ही सगळी आडनावं एकत्र नांदतात. शिपायाचं घर त्याच्या स्वतःच्या नावाने सापडत नाही. ते शेजाऱ्यांच्या नावांनी सापडतं.

हे काम नेटाने करणारी एक संस्था म्हणजे अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावची ओबोन सोसायटी. ती चालवणाऱ्या जोडप्यातली बाई जपानी. तिचे आजोबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतले नाहीत. २००७ साली त्यांचा झेंडा अनपेक्षितपणे कुटुंबाकडे परत आला आणि त्यातून २००९मध्ये हे काम उभं राहिलं. ओबोन हा पूर्वज घरी येतात असं मानला जाणारा जपानी सण, आपल्याला पितृपंधरवड्याची आठवण व्हावी असा. आजवर संस्थेने शेकडो वस्तू घरी पोचवल्या आहेत.

त्यातला एक झेंडा सादाओ यासुए नावाच्या शिपायाचा. तो गिफू प्रांतातल्या हिगाशी-शिराकावा या डोंगरातल्या, चहा पिकवणाऱ्या लहानशा गावचा. १९४४ साली सायपान बेटावर मार्विन स्ट्रॉम्बो या अमेरिकन मरीनला तो एका कुशीवर पडलेला दिसला. अंगावर जखम नव्हती, झोपल्यासारखा वाटत होता. झेंडा काढून घेताना स्ट्रॉम्बोचा हात अडखळला, पण त्याने तो घेतला आणि कधीतरी परत करीन असं मनाशी ठरवलं. पुढे सत्तरहून जास्त वर्षं तो मॉन्टानातल्या त्याच्या घरी कपाटात राहिला. ऑगस्ट २०१७मध्ये ९३ वर्षांचा स्ट्रॉम्बो स्वतः त्या गावी गेला आणि यासुएच्या ८९ वर्षांच्या धाकट्या भावाच्या हातात त्याने झेंडा दिला. भावाने झेंड्यात तोंड खुपसून वास घेतला.

त्याआधी या कुटुंबाला सरकारकडून काय मिळालं होतं? एक लाकडी पेटी. अस्थींच्या जागी आत काही दगड. मृत्यूची तारीख, १८ जुलै १९४४, आणि जागा म्हणून मारियाना बेटं, बहुधा सायपान. सायपानची लढाई ९ जुलैलाच संपली होती. बेट पडल्याची घोषणा जपानी मुख्यालयाने केली ती १८ला. डेटाबेसमध्ये माहिती नसली की रकाना रिकामा राहू नये म्हणून एक ठरावीक मूल्य भरतात. ही तारीख मला तशी वाटते. भावाला पहिल्यांदा खरी माहिती मिळाली ती झेंडा नेणाऱ्या माणसाकडून: कुठे पडला होता, कसा दिसत होता. झेंडा कुठल्या दुकानातून आला असता तर ही माहिती सोबत आली नसती. प्रत्येक लिलावात, प्रत्येक हातबदलात झेंड्याची गोष्ट थोडी थोडी गळत जाते.

अशी घरं किती असतील याचा अंदाज जपान सरकारच्या आकड्यांवरून येतो. जपानच्या मुख्य भूमीबाहेर, ओकिनावा आणि इवो जिमा धरून, सुमारे २४ लाख जपानी मेले. त्यातल्या ११ लाखांहून अधिक लोकांच्या अस्थी अजून परत आलेल्या नाहीत. ज्या घरात हाड नाही, तिथे कापड हेच शरीर.

आता यात गहिवरून जाण्याचा एक धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हे झेंडे अंगाला बांधलेलं सैन्य नानजिंगमध्ये होतं, सिंगापुरात होतं, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर हजारो तमिळ मजुरांना मरेपर्यंत राबवत होतं. एखाद्या चिनी वाचकाने 'मला या नावांचं कौतुक सांगू नका' म्हटलं, तर त्याला काय उत्तर द्यायचं? माझं उत्तर एवढंच, की नावं वाचणं म्हणजे माफी देणं नव्हे. उलट, वाचल्यावरच कळतं की शाळेचा मास्तर, कारखान्याचा मालक, शेजारीपाजारी असा सगळा समाज त्या युद्धात सहीनिशी होता. नक्षी म्हणून भिंतीवर लावलेला झेंडा यातलं काहीच सांगत नाही, ना प्रेम, ना दोष.

सगळ्या घरांना झेंडा हवाच असतो असंही नाही. काही घरं सांगतात की सांभाळणारं कुणी उरलं नाही. मग तो गावच्या संग्रहालयात किंवा देवळात जातो. तोही निर्णय त्यांचा, आणि घर सापडल्याशिवाय तो घेता येत नाही. म्हणून माझी मागणी झेंडे विकू नका इतकी मोठी नाही, ती कुणी ऐकणार नाही. विकण्याआधी झेंडा सपाट पसरून, चांगल्या उजेडात, चारी कोपरे दिसतील असा एक फोटो काढावा, आणि तो नावं वाचू शकणाऱ्यांकडे पाठवावा. कापड आणखी पन्नास वर्षं टिकेल. सही करणारे टिकणार नाहीत. यासुएच्या झेंड्यावर सुमारे १८० सह्या होत्या. २०१७मध्ये तो गावात पोचला तेव्हा त्यातले सात जण हयात होते.