हिरबाई विरुद्ध सोनबाई

मुस्लिम स्त्रीच्या कायदेशीर हक्कांची मराठीतील चर्चा बहुधा 18 एप्रिल 1966 पासून सुरू होते. त्या दिवशी हमीद दलवाई सात स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्धचा तो मोर्चा होता. शरीयत म्हणजे बेडी आणि आधुनिक कायदा म्हणजे सुटका, हे समीकरण तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले आहे. याच मुंबईतला 119 वर्षे आधीचा एक खटला मात्र त्यात बसत नाही.

1847 साली खोजा व मेमन कुटुंबांतील मुली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे इंग्रज न्यायाधीशापुढे, दाद मागायला आल्या. कुराणाने मुलीला ठरवून दिलेला वाटा वडिलांच्या मिळकतीत मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते. हा वाटा मुलाच्या वाट्याच्या निम्मा. फार नव्हे, पण तो तिच्या मालकीचा असतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, या जमाती मूळच्या हिंदू, आणि त्यांच्या चालीप्रमाणे मुलीला पोषण व लग्नखर्च यांपलीकडे काही मिळत नाही.

सर अर्स्किन पेरी यांनी चाल ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. कोर्टाच्या 1823 च्या सनदेने एतद्देशीयांचे कायदे व रूढी राखल्या होत्या. पेरींच्या मते हे संरक्षण धर्मग्रंथाला नव्हते, लोक प्रत्यक्ष पाळत असलेल्या रूढीला होते. तर्क बिनतोड वाटतो. परंतु रूढी कोणाची? जिला ती मान्य नव्हती, तीच तर कोर्टात उभी होती. (हिरबाईच्या खटल्यात वादी आणि प्रतिवादी दोन्ही स्त्रियाच आहेत, हे 'पुरुषसत्ता' हा शब्द सढळ हाताने वापरणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनी लक्षात ठेवावे.)

याच्या नेमके उलट ग्रीसमध्ये घडले. थ्रेस प्रांतातील अल्पसंख्याक मुस्लिम समाजातल्या मोल्ला साली यांना पतीने ग्रीक नागरी कायद्यानुसार मृत्युपत्र करून सारी मिळकत दिली होती. तो 2008 मध्ये वारल्यावर त्याच्या बहिणींनी हरकत घेतली. ग्रीक सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिमांना शरीयतच लागू, असे ठरवले आणि तीन चतुर्थांश मिळकत त्यांच्या हातून गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 19 डिसेंबर 2018 रोजी हा भेदभाव ठरवला. मुंबईत मागितलेली शरीयत नाकारली गेली, थ्रेसमध्ये नको असलेली लादली गेली. आणि दोन्हीकडे 'तुमचा कायदा कोणता' हे त्या स्त्रीला न विचारता ठरले.

मुंबईतल्या त्या मुलींचे म्हणणे कायद्यात उतरायला 90 वर्षे लागली. 1937 च्या शरीयत कायद्याने मृत्युपत्र नसलेल्या मिळकतीच्या वारशात रूढीला बाजूस सारले. शेतजमीन मात्र वगळली, कारण 1935 च्या कायद्याने तिचा वारसा प्रांतांच्या अखत्यारीत ठेवला होता. आमच्या जुन्नर-आंबेगावात मिळकत म्हणजे मुख्यतः शेतजमीनच.