दोन किलोंची गोष्ट

परवा रात्री साडेनऊला गावाहून फोन आला. धाकट्या चुलतभावाचा मुलगा, वय पंधरा. एरवी काकाला फोन करायचा तर मागून आई ढोसते तेव्हा करतो, या वेळी स्वतःहून केला. म्हणाला, "काका, तुम्ही कबड्डी खेळायचे ना? दोन दिवसांत दोन किलो कसं उतरवायचं?"

झालं होतं असं, की शेजारच्या गावात स्पर्धा आहे, ५५ किलो वजनी गट. याचं वजन ५७. त्या दिवशी सकाळपासून फक्त लिंबूपाणी प्यायला होता आणि भर दुपारी दोन स्वेटर घालून शिवाराच्या रस्त्याने पळून आला होता. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता, "दादा, त्याला काहीतरी सांगा, सकाळपासून ताटाला शिवला नाहीये."

मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी सांगतो. खरं तर उत्तर तेव्हाच देता आलं असतं. पण ५५ हा आकडा ऐकला आणि मला एकदम एक वजनकाटा आठवला. झोप काही लागली नाही. मग बसलो आठवत, की हे वजन आणि वय आपल्या मातीतल्या खेळात शिरलं कधी आणि कशाला.

आमची राजुरी कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाटा आणि बेल्ह्याच्या मधे. आमच्या लहानपणी खेळाचं नाव हुतूतू. कबड्डी हा शब्द शाळेतला, हुतूतू घरचा. हाच खेळ दक्षिणेत चेडुगुडु आणि बंगालकडे हा-डू-डू. नावं अनेक तसे प्रकारही अनेक. संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला बाद गडी जिवंत व्हायचा. गामिनीत बाद तो बादच, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये बाद झाला तरी गडी मैदानातच, फक्त गुण मोजायचा. या गावचा संघ त्या गावाला गेला की आधी नियमांवरून भांडण आणि मग खेळ.

ही भांडणं मिटवायचं काम महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं. १९१८ च्या सुमारास खेळाला शिस्त लावायला सुरुवात झाली, १९२१ मध्ये साताऱ्याला संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियम बांधले गेले, १९२३ मध्ये बडोद्याला ते छापून निघाले आणि तिथे मोठ्या स्पर्धाही भरल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात हाही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. पुढे ज्यांनी हा खेळ देशभर नेला त्या शंकरराव उर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

या सगळ्यात एक गंमत बघा. सुरुवातीचा सगळा खटाटोप मैदान किती, गडी किती, दम कसा धरायचा, बाद कोण, यावर. म्हणजे खेळ कसा खेळायचा यावर. 'कोणी खेळायचं' हा प्रश्न नंतरचा. तो आला तो पोरांमुळे. मोठ्यांच्या खेळात हलका गडी चपळाईने वाचतो. पण तेरा वर्षांचं पोर आणि मिसरूड फुटलेला सोळा वर्षांचा गडी एका मैदानात आले की चपळाई कुठवर पुरणार? कबड्डीत तर एकटा पोरगा सात जणांच्या अंगावर जातो. कोपऱ्यातल्या गड्याने पट काढला आणि वरून चार जण पडले की त्या पोराचा खुबा नाहीतर खांदा गेलाच. म्हणून मग किशोर गट आणि कुमार गट आले, आणि प्रत्येकाला दोन दोन कुंपणं. किशोरांना १६ वर्षं आणि ५५ किलो, कुमारांना २० वर्षं आणि ७० किलो, असं गणित कितीतरी वर्षं चालत आलं. एकटं वय पुरत नाही आणि एकटं वजनही पुरत नाही, म्हणून दोन्ही.

जगात इतरांनाही हेच कोडं पडलं होतं. अमेरिकेत १९२९ मध्ये फिलाडेल्फियात जो टॉमलिन नावाच्या गृहस्थाने पोरांसाठी फुटबॉलची संघटना काढली. हा त्यांचा अंगावर धावून जायचा फुटबॉल. ती पुढे पॉप वॉर्नर नावाने प्रसिद्ध झाली. तिथे वय आणि वजन यांचं कोष्टकच असायचं, आणि त्यात एक माणुसकीची पळवाट होती. एखादा मुलगा वयाने वर्षभर मोठा, पण अंगाने किरकोळ असेल तर त्याला खालच्या गटात खेळू द्यायचे. न्यूझीलंडमध्ये शाळकरी पोरांच्या रग्बीत वजनाचे गट आहेत, कारण एकाच वर्गातली दोन मुलं अंगापिंडाने दुप्पट-निमपट असू शकतात.

वजनाचे गट नसते तर काय, याचं उत्तर १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये मिळतं. तिथे कुस्तीला गटच नव्हते, सगळे एकत्र. गंमत म्हणजे जिंकला तो जर्मनीचा बुटका जिम्नॅस्ट कार्ल शूमान, आणि त्याने पहिल्याच फेरीत हरवलं ते वजन उचलण्यात पहिल्या आलेल्या धिप्पाड लॉन्स्टन इलियटला. पण असं एखादाच करतो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं घ्या. १९४८ ला लंडनला ते सर्वांत हलक्या गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. वजनाचा गट नसता तर खाशाबांना शंभर किलोच्या गड्यापुढे उभं केलं असतं. हलक्या माणसाचीही एक जागा असते हे मान्य केलं म्हणून ते पदक आलं.

म्हणजे नियम चांगलाच. पण नियम आला की त्याला वळसा घालायची वाटही आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाहेर झाली. रात्रभर काय काय करून पाहिलं ते सगळ्यांनी वाचलंच. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटात कांस्य मिळवणाऱ्या अमन सेहरावतने दहा तासांत साडेचार किलोंच्या वर वजन उतरवल्याचं छापून आलं होतं. आपण टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्याभोवती प्रशिक्षक आणि डॉक्टर होते. आमच्या पोराजवळ काय, दोन स्वेटर आणि मोबाईल.

आता वयाचं. वजन निदान काट्यावर दिसतं. वय दिसतं कागदावर, आणि आमच्या पिढीचा कागद कसा तयार झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही नोंद वाचणाऱ्या नातेवाईकांनी जरा मनात मोजा, आपल्या घरात १ जूनला किती वाढदिवस? आमच्या घरात सहा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोर दारात उभं, जन्माचा दाखला कोणाकडे? आई म्हणायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला," नाहीतर "मोठा पूर आला त्या साली." गुरुजी पोराकडे बघायचे आणि लिहायचे १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा ठरला. म्हणजे गुरुजींच्या १ जूनची सद्दी कायद्याने संपायला चोपन्न वर्षं लागली.

फुटबॉलवाल्यांनी कागदाचा नाद सोडून हाडांकडे मोर्चा वळवला. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय काढायला सुरुवात केली. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची पट्टी पूर्ण जुळलेली दिसली तर पोरगा बहुधा सतराच्या पुढचा. हीच स्पर्धा २०१७ मध्ये आपल्याकडे झाली, नवी मुंबईतही सामने झाले. क्रिकेटवाले लहान गटांत हाडाचा एक्स-रे काढतात. पण हाड तरी खरं बोलतं का? एखाद्याचं हाड लवकर पिकतं, एखाद्याचं उशिरा. हाड सांगतं अंग किती वाढलं, जन्म कधी झाला ते नाही. म्हणून इंग्लंडमध्ये गेल्या दहाएक वर्षांत काही ठिकाणी मुलांना वयाऐवजी अंगाच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवून बघतात. फिरून गाडी तिथेच आली, पॉप वॉर्नरच्या कोष्टकापाशी.

हे सगळं आठवत बसलो ते एक गोष्ट टाळण्यासाठी, हे एव्हाना लक्षात आलं असेल. सांगून टाकतो.

१९८६ चा फेब्रुवारी. जवळच्याच एका गावात स्पर्धा. पत्रकावर लिहिलेलं, वजन ५५ किलो, जन्म १ जानेवारी १९७० किंवा त्यानंतरचा. आमच्याकडे खेळण्याजोगे आठ जण. आदल्या दिवशी मी साडेपंचावन्न भरलो. रात्री जेवलो नाही, सकाळी पाणी प्यायलो नाही, चिंच चघळून थुंकत थुंकत चालत गेलो. वजन करायला कांद्याच्या गोण्या मोजायचा काटा आणला होता. मी त्यावर चढलो तेव्हा पाटावर कांद्याची सालपटं होती, ती मी पायाने खाली ढकलली, तेवढंच कमी. काट्यावरच्या माणसाने हसून पास केलं. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७०. तीही पास.

माझा जन्म १९६९ च्या दिवाळीतला. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. आई कौतुकाने जगाला सांगायची.

माझ्या मागे माझा मित्र उभा होता. तो मामाच्या गावी दवाखान्यात जन्मलेला, त्यामुळे त्याच्या दाखल्यावर खरी तारीख होती, २८ डिसेंबर १९६९. माझ्याहून दीड महिन्याने लहान आणि कागदावर पाच महिन्यांनी मोठा. वजन ४१ किलो. चढाईला असा जायचा की हात लागला तरी सापडायचा नाही. चार दिवसांसाठी त्याला बाहेर काढलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो.

आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. मला उन्हात चक्कर आली आणि माझ्याच पकडीत समोरचा सुटला. मित्र बाहेर बसून आमचे कपडे आणि चपला सांभाळत होता. त्याने मला उसाचा रस पाजला. मी तो प्यायलो.

पुढे तो शेती आणि गाईंत रमला, मी नोकरीत. दर १ जूनला न चुकता त्याचा फोन येतो, "सरकारी वाढदिवसाच्या शुभेच्छा!" मी हसतो. इतकी वर्षं मला तो विनोद वाटायचा, आणि दर वेळी थोडं टोचायचंही.

परवा त्या झोप न आलेल्या रात्रीनंतर पहाटे पाचला मी त्याला फोन केला. धारेची वेळ, उठलेलाच होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तुझी आई दर दिवाळीला आमच्या ओट्यावर बसून लक्ष्मीपूजनाची गोष्ट सांगायची की. मला काय माहीत नव्हतं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"आठ होतो. माझं गेलं, सात राहिले. तुझं सांगितलं असतं तर सहा. सहा जणांची टीम घेतात का?" आणि मग गाईला काहीतरी ओरडला आणि म्हणाला, "ठेव आता, दूध घालायचंय."

सकाळी पोराला फोन केला. म्हटलं, आधी जेव. त्या स्पर्धेत ६५ किलोचा गट आहे का? आहे म्हणाला. मग त्यात नाव दे. तिथली पोरं दांडगी असतील, पहिल्या दोन चढायांत पडशील. पण पोटात भाकरी असेल. ५५ चा गट तुझ्या मागच्या लहान पोरासाठी ठेवलेला आहे, त्याची जागा आहे ती. तो म्हणाला, "पण काका, सगळेच करतात." मी म्हटलं, "हो. मीही केलं होतं." पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. दोन भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर भात. नाव कुठल्या गटात दिलं ते तिला माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही. रविवारी स्पर्धा आहे, गावाला जाऊन बघणार आहे. मित्रालाही चल म्हटलंय, धारा काढून येतो म्हणालाय.

असो. तुमच्याकडचे १ जूनवाले किती, तेवढं मात्र नक्की कळवा.