तासिकेकडून क्षमतेकडे : वूस्टर पॉलिटेक्निक येथील 'प्लॅन'चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अभियांत्रिकी व मानव्यविद्या यांचा समन्वय साधणारी, विद्यार्थ्याने स्वतः आखलेल्या मार्गाने पूर्ण करावयाची आणि वर्गातील उपस्थितीऐवजी सिद्ध झालेल्या क्षमतेवर दिली जाणारी पदवी ही एकविसाव्या शतकातील नवकल्पना मानली जाते. २०१४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने क्षमताधिष्ठित पदवीच्या आखणीसाठी आपल्याच तंत्रज्ञान महाविद्यालयास ५ लाख डॉलरचे पारितोषिक दिले, तेव्हा या कल्पनेची बरीच चर्चा झाली. तथापि असा प्रयोग मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने १९७० मध्येच संपूर्ण संस्थेच्या पातळीवर केला होता. त्या प्रयोगातील काय टिकले, काय टिकले नाही आणि का, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तासिकेचा उगम :

हा प्रयोग ज्या व्यवस्थेविरुद्ध होता तिचा इतिहास प्रथम पाहणे आवश्यक आहे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या कार्नेगी फाउंडेशनने निवृत्तिवेतनास पात्र महाविद्यालय कोणते, हे ठरविण्यासाठी काही निकष लावले. प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षण ठरावीक एककांत मोजले जावे, हा त्यांपैकी एक होता. एक विषय वर्षभर सुमारे १२० तास शिकणे म्हणजे एक एकक. १९१० मध्ये याच संस्थेसाठी मॉरिस कुक या अभियंत्याने विद्यापीठांच्या कार्यक्षमतेविषयी अहवाल लिहिला. कुक हे कारखान्यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचे प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी होते. विद्यापीठाचे काम 'विद्यार्थी-तास' या परिमाणाने मोजावे, असे त्यांनी सुचविले. म्हणजेच ज्ञान तासांत मोजण्याची पद्धत अध्यापनशास्त्रातून जन्मली नाही; एका बाजूस निवृत्तिवेतन व दुसऱ्या बाजूस कारखान्याचा हिशेब, अशा प्रशासकीय गरजांतून ती रूढ झाली. तिचा मोठा गुण असा की, ती स्वस्त होती आणि कोणालाही पडताळून पाहता येत होती.

दोन मनोऱ्यांची संस्था :

वूस्टर पॉलिटेक्निकची स्थापना १८६५ मध्ये झाली. जॉन बॉयंटन यांच्या नावाची सिद्धान्तशिक्षणाची इमारत आणि इकाबॉड वॉशबर्न यांच्या देणगीतून कर्मशाळा उभी राहिली. या दोन इमारतींचे मनोरे हे विद्या व कौशल्य यांच्या संयोगाचे प्रतीक ठरले. मात्र शंभर वर्षांनंतर येथील अभ्यासक्रमही इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांप्रमाणेच सक्तीच्या विषयांनी भरून गेला होता. मानव्यविद्यांना स्थान होते, पण ते दुय्यम होते. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा सुमारे एक-पंचमांश भाग मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना द्यावा, असे सुचविले होते. परंतु विषयांची संख्या वाढली म्हणजे दोन विद्यांचा समन्वय झाला, असे होत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. एकीकडे चांद्रमोहिमेचे यश होते. दुसरीकडे व्हिएतनाम युद्ध व प्रदूषण यांमुळे तंत्रज्ञानाच्या सामाजिक परिणामांविषयी तरुणांच्या मनात तीव्र प्रश्न निर्माण झाले होते. या काळात संस्थेचे अध्यक्ष हॅरी स्टॉर्क यांनी भवितव्याच्या विचाराचे काम अध्यापकांकडे सोपविले. अध्यापकांच्या नियोजन समितीने 'द फ्युचर ऑफ टू टॉवर्स' या शीर्षकाने अहवाल सादर केले आणि मे १९७० मध्ये अध्यापकसभेने मतदान करून नवी योजना स्वीकारली. तिलाच पुढे 'प्लॅन' हे नाव रूढ झाले.

'प्लॅन'चे स्वरूप :

या योजनेने विशिष्ट विषयांची सक्ती काढून टाकली. विद्यार्थ्याने मार्गदर्शक अध्यापकाच्या सल्ल्याने स्वतःचा कार्यक्रम आखावा, असे ठरले. वर्षाची विभागणी सात-सात आठवड्यांच्या चार सत्रांत करण्यात आली. अनुत्तीर्ण विषयाची गुणपत्रकावर नोंदच होत नसे. त्यामुळे अपरिचित विषय घेण्याची भीती कमी झाली. पदवीसाठी मुख्यतः चार अटी होत्या. पहिली, आपल्या विद्याशाखेतील एक मोठा प्रकल्प. दुसरी, तंत्रज्ञान व समाज यांच्या संबंधावरील एक प्रकल्प. तिसरी, मानव्यविद्येतील एका सूत्राभोवती निवडलेले विषय व त्यांवर आधारित स्वतंत्र लेखन. चौथी, क्षमता परीक्षा. या परीक्षेत व्यवसायातील अभियंत्यापुढे येईल तसा प्रश्न विद्यार्थ्यास दिला जाई. काही दिवस ग्रंथ व साधने वापरून तो सोडवावयाचा आणि नंतर अध्यापकांपुढे तोंडी समर्थन करावयाचे, अशी पद्धत होती.

येथे मानव्यविद्या शोभेपुरती नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. दुसऱ्या प्रकल्पामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेबाहेर पडून शासन, समाज व पर्यावरण यांच्याशी संबंधित प्रश्नांना सामोरे जावे लागले. १९७४ मध्ये वॉशिंग्टन येथे संस्थेचे पहिले बाह्य प्रकल्प केंद्र सुरू झाले.

क्षमता परीक्षेचा अस्त :

योजनेचा तात्त्विक कणा असलेली क्षमता परीक्षाच सर्वांत अल्पायुषी ठरली. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती रद्द झाली आणि विषयांच्या वाटपाचे नियम परत आले. याची कारणे परीक्षेच्या स्वरूपातच दडलेली होती. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र प्रश्न तयार करणे, त्याचे परीक्षण करणे व तोंडी परीक्षेस बसणे, हा अध्यापकांवरील मोठा भार होता. विभागाविभागांतील मानदंड सारखे ठेवणे कठीण होते. चार वर्षांच्या शेवटी एकाच परीक्षेवर पदवी अवलंबून असल्याने विद्यार्थ्यांवरील ताणही असह्य होई. शिवाय अभियांत्रिकी पदवीस मान्यता देणाऱ्या यंत्रणांना विषयनिहाय पुरावा सोयीचा होता.

याउलट दोन्ही प्रकल्प टिकले आणि विस्तारले. मानव्यविद्येच्या अटीचे स्वरूप २००७ मध्ये बदलले, पण अट कायम राहिली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने प्रकल्पाधारित शिक्षणासाठी येथील अध्यापकांना गॉर्डन पारितोषिक दिले. प्रकल्प का टिकले, याचे उत्तर असे देता येईल की, प्रकल्पातही क्षमतेचेच मूल्यमापन होत होते. परंतु ते अध्यापनाच्या ओघात, दीर्घकाळ व मार्गदर्शनासह होत होते. प्रकल्पाचे मार्गदर्शन हे अध्यापकाच्या नियमित कामाचा भाग बनले. परीक्षा मात्र अध्यापनाच्या वर चढविलेले ओझे राहिली.

आपल्या संदर्भात :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षण व विषयनिवडीचे स्वातंत्र्य यांचा पुरस्कार केला आहे. तरीही आपले श्रेयांक १५ तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, याच हिशेबाने मोजले जातात. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. ज्या अध्यापकाचे मानधनच घेतलेल्या तासिकेवर ठरते, त्याने विद्यार्थ्याशी स्वतंत्रपणे बसून त्याची वाट आखून द्यावी, प्रकल्प तपासावा व क्षमतेचा निवाडा करावा, ही अपेक्षा करताना त्या वेळेचा हिशेब कोठे लागतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, तासिका हे शिक्षणाचे नैसर्गिक परिमाण नसून विशिष्ट काळातील प्रशासकीय तडजोड आहे. दोन, अभियांत्रिकी व मानव्यविद्यांचा समन्वय विषयांच्या यादीतून होत नाही, तर दोन्हींची गरज भासेल अशा कामातून होतो. तीन, क्षमतेचे मूल्यमापन अध्यापकाचा वेळ मागते आणि तो वेळ कार्यभारात धरला गेला, तरच सुधारणा टिकते. १९७० मध्ये वूस्टर येथे ही योजना अध्यापकांनी लिहिली व अध्यापकांनीच मतदानाने स्वीकारली. तिचा जो भाग त्यांच्या दैनंदिन कामात सामावला गेला, तो अर्धशतकानंतरही टिकून आहे. अभ्यासक्रम बदलण्यापूर्वी कार्यभाराचे कोष्टक बदलावे लागते, हाच या इतिहासाचा आपल्यासाठी अर्थ आहे.