आतलं घर, बाहेरचं घर

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले भाविक दिसले की मला शाळेतला खेळाचा तास आठवतो. चोपड्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानात एक मल्लखांब पुरलेला होता. एरंडेल मुरून तो काळा पडला होता. त्याच्या टोकावरच्या गोळ्याला 'बोंड' म्हणतात हे कळल्यावर आम्हा कापसाच्या मुलखातल्या पोरांना फार हसू आलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी मल्लखांबाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले. त्यांचं आव्हान घ्यायला कोणी धजेना. तेव्हा बाळंभट्टदादा देवधर या तरुणाने मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीपुढे अनुष्ठान केलं. तिथे त्यांना दृष्टान्त झाला आणि मारुतीने लाकडी खांबावरचे डाव दाखवले. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं. ते पाहून गुलाब लढायला उभाच राहिला नाही.

'अली चीत झाला' हे ऐकताच अर्धा वर्ग माझ्याकडे वळून हसला. सर वाईट काही बोलले नव्हते, पोरंही मनाने वाईट नव्हती. पण पुढे कित्येक दिवस त्या खांबावर चढताना आपण गोष्टीतल्या बाहेरच्या माणसांच्या बाजूचे आहोत, असं मला वाटत राहिलं.

खूप वर्षांनी चीनच्या युद्धकलांचा इतिहास वाचताना हीच गोष्ट वेगळ्या वेशात भेटली. १६६९ साली हुआंग झोंगशी या विद्वानाने एका मल्लाचा समाधिलेख लिहिला. त्यात तो म्हणतो की शाओलिन मठाची विद्या प्रसिद्ध आहे खरी, पण ती 'बाहेरच्या घराण्याची'. 'आतल्या घराण्याची' विद्या वेगळी आहे, ती स्थिर राहून हालचालीवर मात करते. तिचा मूळपुरुष म्हणून त्याने वूडांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओ साधूचं नाव दिलं. या साधूला एका रात्री स्वप्नात देवाने डाव शिकवले आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले! वणीचा दृष्टान्त आणि वूडांगचं स्वप्न, दोन्ही ठिकाणी विद्या थेट देवाकडून येते आणि लगेच शत्रू पडतो.

पण त्या लेखाचा काळ पाहा. १६४४ साली मांचूंनी बीजिंग घेतलं होतं आणि चीनवर परक्यांचं राज्य होतं. हुआंग स्वतः मांचूंविरुद्ध लढलेला माणूस. शाओलिन हा बौद्ध मठ आणि बौद्ध धर्म भारतातून आलेला, तर ताओ पंथ घरचा. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की 'आतलं' आणि 'बाहेरचं' हा भेद मुळात कुस्तीतला नव्हताच, तो राजकारणातला होता. परक्या राजवटीत हुआंगने घरच्या विद्येची बाजू घेतली.

ही किल्ली हातात घेऊन मी पुन्हा अली-गुलाबाकडे आलो. १७९५ साली खर्ड्याला पेशव्यांच्या फौजेने निजामाचा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी बाजीराव पेशवा झाला. पुणे आणि हैदराबाद यांची ही चुरस तेव्हा ताजी होती. म्हणजे गोष्टीतला अली येतो तो निजामाचा पहिलवान म्हणून, मुसलमान म्हणून नाही. तो अर्थ आपण मागाहून चिकटवला. शिवाय मल्लखांब बाळंभट्टदादांच्याही आधीचा आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. दादांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. मागे पडलेली विद्या त्यांनी पुन्हा उभी केली आणि शिष्य घडवले, हे काम काही लहान नाही.

चीनच्या कथेत पुढे एक गंमत आहे. 'आतल्या' विद्यांमध्ये आज जिची गणना होते, अशी एक विद्या म्हणजे शिन्यी लिऊहे. तिचा उगम सतराव्या शतकातल्या जी जिके या भालाईताकडे नेतात. तो मुसलमान नव्हता. पण अठराव्या शतकात हेनान प्रांतातल्या लुओयांगचा मा श्युएली याच्यापासून ती हुई मुसलमानांच्या घरांत आली आणि त्यांनीच ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. धर्म दूरदेशाहून आलेला, आणि जपलेली विद्या मात्र 'आतली'!

तिचं तत्त्व नावातच आहे. 'लिऊहे' म्हणजे सहा मेळ. तीन बाहेरचे: खांद्याचा कमरेशी, कोपराचा गुडघ्याशी, हाताचा पायाशी. तीन आतले: मनाचा संकल्पाशी, संकल्पाचा श्वासाशी, श्वासाचा बळाशी. मल्लखांब करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मांडीची पकड, काखेची पकड, श्वास आणि लक्ष एका क्षणी जुळलं नाही तर नुसता जोर कामाचा नाही. एरंडेल लगेच चूक दाखवतं. खांब जागचा हलत नाही, म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलताही येत नाही.

आपल्याकडेही असं घर आहे. बडोद्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. हाडवैद्यक आणि संघव्यायामासाठी नावाजलेले राजरत्न माणिकराव हे त्यांचे शिष्य. माणिकरावांनी जो आखाडा वाढवला, त्याला गुरूचंच नाव राहिलं. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. 'जुम्मादादा' आणि 'मंदिर' हे दोन शब्द एका पाटीवर कसे, असा प्रश्न त्या शिष्याला पडला नाही. वस्तादाचं नाव लावायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

अली-गुलाबाची गोष्ट मुलांना सांगू नका, असं मी म्हणणार नाही. गोष्ट चांगली आहे आणि बाळंभट्टदादा आपले सगळ्यांचे आहेत. फक्त ती सांगताना खर्ड्याच्या लढाईचं एक वाक्य आणि जुम्मादादांचं एक वाक्य जोडा. खांबाजवळच्या रांगेत एखादा अली उभा असेल, तर त्यालाही कळू द्या की हा खांब त्याच्याही वस्तादांचा आहे.