डिकोडरच्या आठ तारा
१२. डिकोडर : रुळांतून आलेला डिजिटल हुकूम ओळखून मॉडेल इंजिनाची मोटर आणि दिवे चालवणारे छोटे सर्किट. नेहमीच्या आठ पिनांच्या जोडणीत लाल-काळ्या तारा रुळांवरून वीज घेतात, नारिंगी-करड्या मोटरला जातात. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी सामाईक धन, हिरवी जादा सोयीची. मोटरचे एखादे टोक थेट रुळांशी जोडलेले राहिले, तर डिकोडर जळतो. ते आधी मल्टिमीटरने तपासावे. डिकोडर बसवायला इंजिनात जागाही हवी. उदाहरणार्थ, हिंगोलीवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग पूर्वी मीटरगेज होता. १:८७ प्रमाणाच्या मॉडेलात त्यासाठी १२ मिमी अंतराचे रूळ वापरतात. अशा अरुंद इंजिनात जागा कमी, म्हणून मापे घेऊनच डिकोडर निवडावा.