पत माहिती अहवाल (भारत)

पत माहिती अहवाल किंवा क्रेडिट रिपोर्ट म्हणजे व्यक्तीने घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डे व त्यांची परतफेड यांची नोंद होय. भारतात पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ अन्वये ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हाय मार्क या कंपन्या तो तयार करतात.

मोफत अहवाल

रिझर्व्ह बँकेच्या २०१६ मधील निर्देशानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य देणे बंधनकारक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर ओळख पटवून तो मिळवता येतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घटतो, हा समज निराधार आहे.

नोंदींचा अर्थ

गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. मात्र त्याहून नोंदी अधिक बोलक्या असतात. हप्ता किती दिवस थकला, हे महिनावार दिलेले असते. ‘सेटल्ड’ ही नोंद अनेकांना कर्जमुक्तीची वाटते. प्रत्यक्षात ती देय रकमेपेक्षा कमी रकमेवर तडजोड झाल्याचे दर्शवते आणि पुढील कर्जास बाधक ठरते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असते. ‘रिटन ऑफ’ म्हणजेही कर्जमाफी नव्हे, बँकेचा वसुलीचा हक्क कायम राहतो. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्यास ते खातेही जामीनदाराच्या अहवालात दिसू शकते.

दुरुस्ती

चुकीच्या नोंदीविरुद्ध कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदारास १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.